माणसाच्या जागी पोतं

माझी बायको मेली तेव्हा गल्लीतल्या बायांनी तिला हिरवा चुडा भरला, कपाळभर कुंकू लावलं, आणि एक दुसरीला म्हणाली, "नशिबाची हाय बाप्पा. भरल्या कपाळानं गेली." मी ओसरीवर बसलो होतो. मेलेल्या माणसासमोर भांडू नये म्हणून ऐकून घेतलं. तेरवीला पंगत उठली, बाया मोरीवर हात धुवायला जमल्या, आणि पुन्हा तेच सुरू. नवऱ्याआधी गेली, सोनं झालं, असं मरण मागून भेटत नाही.

तेव्हा मी उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "एवढं चांगलं असते तं तुमीबी जा. आजच जा. मांगं काय करायचं ते तुमचे नवरे पाह्यतील."

एकीच्या हातातला गडवा तसाच कलंडलेला राहिला, पाणी तिच्याच पायावर पडत राहिलं. एक म्हातारी म्हणाली, "बुढ्यानं शाप देल्ला व माय." सगळ्या पदर सावरत निघून गेल्या.

हे मी पस्तावा म्हणून लिहीत नाही. आजही तेच बोलेन. जी बाई खाटेवर पडून हाडाला हाड लागेपर्यंत वाळली, पाणी गिळताना जिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तिला नशीबवान म्हणायचं? आणि जो मागं राहिला, ज्याला सकाळी चहात साखर किती टाकायची हे माहीत नाही, त्याला कोणी काही म्हणत नाही. मी चौथी शिकलो आहे. पोरगी म्हणते, लिहीत जा बाबा, डोकं शांत राहते. डोकं शांत झालेलं नाही, पण लिहितो.

आमचं गाव शेलूबाजारपासून आत आहे. माझं घर आणि धाकट्या भावाचं घर, मधी एक भिंत. शेतं पण तशीच, मधी एक धुरा, म्हणजे बांध. त्या धुऱ्यावरून भाऊ आणि मी बोलत नाही. धुरा तो दर साली माझ्याकडं सरकवतो. तो म्हणतो मी सरकवतो. खोटं बोलतो.

त्याच्या बायकोला आमच्याकडं भावसून म्हणतात. ती लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, आणि हे भांडणामुळं नाही. रीतच आहे. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्याच्याशी बोलायचं नाही. आता बोलायचं नाही म्हणजे ती गप्प बसे असं कोणी समजू नये. ती माझ्यापासून दोन हातांवर उभी राहून माझ्या बायकोकडं पाहून म्हणे, "बाई, सांगा त्यायले, त्यायचा गोऱ्हा आमच्या तुरीत शिरला."

मी बायकोकडं पाहून म्हणे, "सांग तिले, दुसऱ्याच्या धुऱ्यावर तूर पेरली तं गोऱ्ह्यानं काय सातबारा पाहून चरायचं?"

दोघांनी दोघांचं ऐकलेलं असे. तरी बायको ते पुन्हा सांगे, आणि सांगताना त्यातले काटे काढून सांगे. "ते म्हणतात गोऱ्हा बांधून ठेवतो." मी असं म्हटलेलंच नसे. पण तिनं सांगितल्यावर गोऱ्हा बांधावाच लागे. ती मेली आणि भावसुनेचं नि माझं भांडणही बंद झालं. मधलं माणूसच नाही, तर भांडायचं कसं?

तर यंदाच्या पितृपाटातली गोष्ट. जी बाई नवऱ्याआधी मरते तिची तिथी नवमीला करतात. वर्षश्राद्ध होईपर्यंत करत नाहीत, म्हणून तिची पहिली नवमी यंदा आली. त्या दिवशी एका सवाष्णीला, म्हणजे जिचा नवरा जिवंत आहे अशा बाईला, मेलेल्या बाईच्या जागी पाटावर बसवायचं. तिला हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची, पोटभर जेवू घालायचं. ती जेवली म्हणजे ही जेवली. नाही कोणी बसली तर ही उपाशी. मला देवाधर्माचं काही नाही. देवाला मी त्या खाटेजवळ बसून काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पण ती शेवटी खाऊ शकत नव्हती. भाताची पेज चमच्यानं घालायचो तर अर्धी बाहेर यायची. तिला एकदा पोटभर जेवताना पाहायचं होतं, ते दुसरीच्या तोंडानं का होईना.

मी दारोदार गेलो. पहिली म्हणाली, "माह्या अंगात कणकण हाय, भाऊ." दुसरीला नेमकं त्याच दिवशी माहेरी जायचं होतं, तिचं माहेर म्हणजे गल्लीच्या त्या टोकाला. तिसरी तोंडावर बोलली, तिचं मला बरं वाटलं. म्हणाली, "तुमच्या घरच्या पाटावर बसून मले मरायचं नाही. शाप तुमी देल्ला, आता तुमीच फेडा." सगळी गल्ली झाली. भिंतीला लागून असलेल्या दारात मात्र गेलो नाही. भावाशी बोलणं नाही, भावसुनेशी बोलायची रीत नाही. जाऊन उभं राहायचं आणि बोलायचं कोणाशी, त्यांच्या शेळीशी?

मग मी पोरीला फोन लावला.

पोरगी एकच आहे. रेल्वेची इंजिनं बनवतात तिथं नोकरीला आहे. लग्न केलं नाही, करणार नाही म्हणते. ती आणि तिच्यासारखे आणखी कितीतरी जण मिळून एक नवीन इंजिन तयार करून राह्यले होते. विजेचं, प्रवासी गाडीचं, ताशी दोनशेनं धावणारं. माल ओढणारं इंजिन वेगळं, त्याला ताकद लागते. हे पळणारं. त्याच्या मागं पोरीची पाच-सहा वर्षं गेली. आधी नुसती चित्रं, मग कॉम्प्युटरवर पळवलं, मग सांगाडा, मग चाकं. आई आजारी पडली तेव्हा इंजिन रुळावर यायचं होतं. आई मेली तेव्हा इंजिन रुळावर होतं, चाचणी चालू होती. पोरगी आली तेव्हा राख थंड झाली होती. त्या इंजिनाचं नाव माझ्यासमोर काढू नये असं मी तिला तेव्हाच सांगितलं होतं.

फोनवर म्हणालो, "नवमीले ये. कुठून तरी एखादी सवाष्ण घेऊन ये. इथं कोणी बसत नाही."

"बाबा, त्याच हप्त्यात ट्रायल हाय."

"तुही ट्रायल माह्या तेरवीलेबी राहीन."

"गल्लीभर शाप वाटून आले तुमी, आन सवाष्ण मी कुठून आणू? कारखान्यात बनवू?"

बापाला असं बोलते. माझ्यावरच गेली आहे, दुसऱ्या कोणावर जाणार. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी निघालो. तिला हाताला धरून आणायचं ठरवून निघालो. जीपनं वाशिम, तिथून रेल्वे, मधी गाडी बदलली, रातभर एका माणसानं माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरून काढलं. तिची चाचणी परमुलखात, एका लांब सरळ रुळाच्या पट्ट्यावर होती. ती स्टेशनवर घ्यायला आली. डोक्यावर पिवळी टोपी, पायात पुरुषी बूट, हाताला काळं ग्रीस. पाया पडायला वाकली तर मी पाय मागं घेतला.

"चहा घेता काय?"

"मी चहा प्यायले नाही आलो. तुले न्यायले आलो."

"आधी पाहून तं घ्या."

इंजिन यार्डात उभं होतं. मला ते आवडलं नाही. पुढून नाक काढलेलं, निमुळतं, डासासारखं. रंग असा की नजर घसरावी. खाली जमिनीपासून इतकं चिकटलेलं की बसलेल्या मांजरासारखं दिसे. तिचा साहेब आला, अंगानं आडवातिडवा माणूस, हात जोडून म्हणाला, "चाचाजी, आपकी बेटी ने इसको चलना सिखाया है." मी म्हटलं, "मैं तुम्हारा चाचा कब हुआ?" पोरगी घाईघाईनं मला पलीकडं घेऊन गेली.

तिचं काम खालचं. चाकं ज्या चौकटीत बसतात तिला बोगी म्हणतात. डब्याला बोगी म्हणतात ते चूक, असं ती म्हणाली. मला वाकायला लावून तिनं खाली दाखवलं. मला जे समजलं ते लिहितो. चूक असेल तर असो.

जुन्या इंजिनात मोटर सरळ चाकाच्या आखावर टेकलेली असते. गाडी पळू लागली की ते सगळं वजन रुळावर हातोड्यासारखं आदळते. पोरगी म्हणाली, "बाबा, खांद्यावर पोतं घेऊन ओट्यावरून उडी मारली तं गुडघे वाकतात, टाचेले कमी लागते. तेच पोतं पायाले बांधून उडी मारून पाहा."

"मी कायले मारू उडी?"

"समजा."

म्हणून या इंजिनात मोटर आखावर टेकवलेली नाही, वर चौकटीला टांगली आहे, स्प्रिंगांच्या वर. पण मोटर वर आणि चाक खाली, दोघं वेगळे हलणार, तरी एकानं दुसऱ्याला फिरवायचं. त्यासाठी मधी एक पोकळ दांडा आणि रबरी जोड घातला आहे. त्या एका जोडापायी दोन वर्षं गेली म्हणे. कधी रबर तापे, कधी दांडा थरथरे. एकदा कारखान्यातल्या ओट्यावर फिरवताना जोड फाटून भिंतीला लागला. ती हे सांगताना हसत होती. तेव्हा तिची आई उलट्या करत होती, हे मी मनात मोजत होतो.

दुसरं संकट वेगळं. चाकं सपाट नसतात, एका अंगानं उतरती असतात, म्हणून गाडी वळणावर आपोआप मधी येते. पण फार पळाली की तीच चाकं या रुळाला टेक, त्या रुळाला टेक करतात आणि बोगी सापासारखी वळवळते. वळवळ वाढत गेली तर गाडी रूळ सोडते. ती थांबवायला बोगी आणि वरचं धड यांच्या मधी आडवी नळकांडी लावलेली होती, आत तेल. धक्का खालून आला की तेल तो खाते, वर जाऊ देत नाही, आणि वरचा खाली येऊ देत नाही. त्याला डॅम्पर म्हणतात.

"हे मी आईले फोनवर सांगितलं होतं," पोरगी म्हणाली. "तं आई म्हणे, म्हणजे मी."

मी सरळ उभा राहिलो. कंबर दुखली. "मले कधी नाही सांगितलं तिनं."

"तुमी इंजनाचं नाव काढू देत नव्हते."

बायको फोन घेऊन गोठ्याकडं जायची, तासभर बोलायची. मला वाटे मायलेकीचं काही बायकी असेल. ती डॅम्पर शिकत होती. मला त्या नळकांड्याला लाथ मारावीशी वाटली.

इंजिनामागं डबे लावलेले होते. पहिल्या डब्यात नुसती यंत्रं आणि वायरी, चाकापासून छतापर्यंत जिथं तिथं चिकटवलेल्या, कुठं किती धक्का बसला ते लिहून घ्यायला. त्यामागचे डबे लोकांचे. मी खिडकीतून आत पाहिलं. सीटांवर पोती होती. एका सीटवर एक गठ्ठा, दुसऱ्यावर दुसरा, ओळीनं बसवलेली, खिडकीकडं तोंड केल्यासारखी.

"हे काय?"

"वाळूची पोती. माणसाच्या जागी."

"माणसं काहून नाही बसवत?"

"पास झाल्याशिवाय माणूस बसवत नाही, बाबा. आन रिकामी गाडी पळवून उपयोग नाही. भरलेल्या गाडीच्या स्प्रिंगा दबतात, ती वेगळी चालते. गाडीले चेहरा नाही समजत. तिले वजन समजते."

"म्हणजे माणूस काय नं पोतं काय?"

"गाडीसाठी तेच."

"मंग तुह्या गाडीत तुहे साहेबच बसवा. दोन पोत्यायचं काम एकात होते."

ती हसली नाही. मी विचारलं, एका माणसाचं वजन किती धरता. म्हणाली, सगळ्यांचं सारखंच धरतो, सामानासकट. मी म्हटलं, "तुही आई तं शेवटी..." एका पोत्याची शिवण उसवली होती, सीटवर वाळूची बारीक रांग पडली होती. तिनं खिशातून चिकटपट्टी काढून ती शिवण बंद केली.

गाडीत मला बसू दिलं नाही. कुंपणाच्या अलीकडं एका झाडाखाली उभं केलं, सोबत एक चौकीदार. दिवसभर गाडी जाई आणि येई. दर खेपेला थोडा वेग वाढवत. एकदम नाही वाढवत, थोडा वाढवायचा, यंत्रावर पाहायचं, मग पुन्हा थोडा. शेवटच्या खेपेला ती आली तेव्हा आधी रूळ वाजले, बारीक, भांड्याला चमचा लागल्यासारखे. मग वरची तार हलली. मग ती गेली. आली असं काही मी पाहिलंच नाही, गेली तेवढं पाहिलं. माझी टोपी उडाली. चौकीदार "वाह" म्हणाला. मी त्याला म्हणालो, यात वाह काय, गाडी माणसाला दिसली तरी पाहिजे.

संध्याकाळी पोरगी धावत आली. "बाबा, गाडी गेली तवा पायाखाली काय वाटलं?"

"काहीच नाही वाटलं," मी म्हटलं. तिला टोचावं म्हणूनच म्हटलं.

"खरंच? जमीन हादरली नाही?"

"नाही. तुह्या गाडीत काही दमच नाही."

ती तिथंच टाळी वाजवून मागं वळली आणि साहेबाला ओरडून सांगू लागली की बाबा म्हणतात पायाला धक्का लागला नाही. साहेबानं पुन्हा मला हात जोडले. शिव्या दिल्या तरी यांना फुलं वाटतात, अशा लोकांशी कसं बोलायचं?

पण पास झाली नव्हती. मागच्या बोगीची वळवळ वरच्या वेगाला थोडी जास्त भरली होती. डॅम्पर काढून दुसरे घालायचे, आणि पुन्हा सगळी चाचणी. पुन्हा म्हणजे नेमकी नवमीला.

तिच्या खोलीवर आमचं भांडण झालं. वरण गॅसवर होतं, ते तसंच उतू गेलं.

"सांग तुह्या साहेबाले, आईचं जेवण हाय म्हणा."

"तो सोडीन. मीच नाही सोडत."

"आई मेली तवाबी तूच नाही सोडलं."

"हो," ती म्हणाली. "मीच नाही सोडलं. आईनंच सांगितलं होतं, ते वळवळते ते थांबव आन मंग ये. मले काय माहीत ती थांबणार नाही." मग डोळे पुसून म्हणाली, "आन मी आली तरी काय करू? मले बसता येत नाही त्या पाटावर. मी सवाष्ण नाही. तिची पोरगी असून नाही बसता येत. कोणीबी रस्त्यावरची बसू शकते, मी नाही."

मी म्हटलं, वरण जळलं. सकाळच्या गाडीनं एकटाच परत आलो. तिनं डबा दिला होता, तो वाशिमपर्यंत उघडला नाही, मग भूक लागली म्हणून उघडला.

नवमीला उठलो, आंघोळ केली, चूल पेटवली. गॅस आहे, पण पितरांचं चुलीवर करायचं असं ती म्हणे. खीर केली, वडे केले, कढी केली, गवार आणि लाल भोपळा केला. वड्यांचं पीठ सैल झालं, ते तेलात पसरले. कोणी बाई येईल असं माझ्या मनात नव्हतं. मी वाट पाहत नव्हतो. पण पाट मांडला. पाट मांडल्यावर तो रिकामा पाहवेना.

कोठीतून गव्हाचं पोतं ओढलं. अख्खं पोतं जास्त होतं. रिकाम्या पोत्यात पायलीनं गहू घालत गेलो. किती घालायचे? तिचं वजन किती किलो ते मला माहीत नव्हतं. दवाखान्यात काट्यावर उभी राहू शकत नव्हती. पण शेवटी शेवटी तिला खाटेवरून मोरीवर मीच उचलून न्यायचो, रोज, म्हणून हाताला माहीत होतं. पोतं बांधलं, दोन्ही हातांवर आडवं उचललं. जास्त. सोडलं, गहू काढले, बांधलं, उचललं. कमी. पुन्हा घातले. असं करत करत एकदा उचललं आणि हात म्हणाले, हीच. तसंच धरून जरा वेळ उभा राहिलो. मग पाटावर बसवलं, भिंतीला टेकवलं, तिची जांभळी साडी गुंडाळली, बांधलेल्या गाठीला हळदकुंकू लावलं. ताट वाढलं. हे शास्त्रात आहे की नाही मला माहीत नाही. दोनशेनं पळणाऱ्या इंजिनाला चालते तर आमच्या पितरांना काहून नाही चालणार?

चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकायला वाकलो तेव्हा दारात सावली पडली. भावसून. डोक्यावर पदर, हातात रिकामी कळशी. पाणी भरायला जाताना उघड्या दारातून तिला पाट दिसला होता.

ती माझ्याकडं पाहून काही बोलली नाही. रीत नाही. ती आत आली आणि पोत्याकडं पाहून बोलू लागली. "पाह्यलं काय बाई, तुमचे हाल! साऱ्या गावाले जेवू घालणारी बाई तुमी. आन तुमच्या जागी पोतं बसवलं. गव्हाचं!"

मी पण पोत्याकडं पाहिलं. "सांग तिले, पोतं बरं. पोत्याच्या दारी जाऊन हात जोडा लागत नाही."

"सांगा त्यायले, हात जोडाले आले होते काय ते आमच्या दारी? साऱ्या गल्लीत फिरले. आमचंच दार तेवढं दिसलं नाही."

"सांग तिले, भासऱ्यानं भावसुनेच्या दारी जायचं राहते काय?"

"त्यायले इंजन पाहाले मुलखाबाहेर जाता येते. भिंतीच्या या बाजूनं त्या बाजूले येता येत नाही."

"सांग तिले, शाप हाय माह्या घरात."

"मले शाप लागत नाही म्हणा!" आता ती ओरडत होती. "मी आधी गेली तं त्यायच्या भावाले चुलीवर पाणी तापवता येत नाही. तो तिसऱ्या दिवशी माह्या मांगं येईन. सांगा त्यायले!"

कळशी खाली आपटून तिनं पदर खोचला आणि पाटावरून पोतं उचललं. फेकायच्या बेतानंच उचललं. आणि थांबली. शेवटच्या दिवसांत मी शेतावर असलो की माझ्या बायकोला आंघोळ तीच घालायची, मला न विचारता, भिंतीपलीकडून येऊन. ती पोतं दोन्ही हातांवर धरून तशीच उभी राहिली.

"येवढीच राह्यली होती," ती म्हणाली. हे तिनं कोणाकडं पाहून म्हटलं ते मला सांगता येत नाही.

पोतं तिनं फेकलं नाही. भिंतीशी हळूच टेकवलं, साडी गुडघ्याखाली सारखी केली, आणि स्वतः पाटावर बसली. कपाळ पुढं केलं. मी कुंकू कसं लावणार? भासऱ्यानं भावसुनेला हात लावायचा नसतो. करंडा पुढं सरकवला. तिनंच बोट बुडवलं, स्वतःच लावलं. ओटीचे तांदूळ, नारळ मी सुपात घालून ठेवले, ते तिनंच पदरात ओढून घेतले.

ती जेवली. चांगली जेवली, हात आखडला नाही. पहिला घास घेऊनच भिंतीशी टेकलेल्या पोत्याला म्हणाली, "बाई, कढीत बेसन किती घातलं हो यायनं? घर लिंपायचं होतं काय?" मी पुन्हा कढी वाढली. वडे मऊ लागतात म्हणाली, चार खाल्ले. खीर मागून घेतली. मी चुलीजवळ बसून पाहत होतो. घास गिळला जात होता. बाहेर काही येत नव्हतं.

मधी पोरीचा फोन आला. ती धापा टाकत होती. "बाबा, झाली. वळवळ थांबली. वरच्या वेगालेबी थांबली."

"चांगलं झालं," मी म्हटलं. चांगलं झालं असं मला वाटत नव्हतं, पण भावसून ऐकत होती. "आता ठेव. तुही काकू जेवून राह्यली."

मग ती म्हणाली, "काकू? कोणाच्या जागी?" आणि रडायला लागली. मी फोन पाटाजवळ ठेवला. भावसून उष्ट्या हातानं वाकून फोनमध्ये ओरडली, "पोरी, कढी खराब झाली, बाकी बरं हाय!"

जेवून ती उठली. हात धुतले, कळशी घेतली. दारात जाऊन, पाठमोरीच, म्हणाली, "बाई, सांगून ठेवा त्यायले. पुढच्या साली पोतं मांडायचं नाही. दारावर यायचं आन सांगायचं. नाही बोलता येत तं कडी वाजवायची."

मला म्हणायचं होतं की आधी धुरा सोडा, मग कडी वाजवू. तोंडात आलं होतं. पण ती निघून गेली होती, आणि पोत्याला सांगून ते पुढं कोणाकडं जाणार नव्हतं. मी ताट उचललं. तिनं कढीचा एक थेंबही ठेवला नव्हता.